मदत हवी आहे: बाल्कनीतल्या कोळ्याचा फोटो येत नाहीये

कोथरूडकर: तीन दिवस झाले, फोकस सारखा मागच्या भिंतीवर जातोय. कोळी म्हणजे नुसता पिवळट डाग. पाय चारच दिसतात, हा कोणता? रविवारी दिवाळीची साफसफाई, घरचे झाडू घेऊन टपलेत. लवकर सांगा.

मॅक्रोवेडा: मोबाइल की कॅमेरा? दिवसा की रात्री? जाळं कसं आहे?

तात्या: लांब काठीला ओलं फडकं गुंडाळा. जळमटं एका फटक्यात निघतात.

कोथरूडकर: तात्या, काढायचं नाहीये! मोबाइल, सकाळी आठला. जाळं गोल, मधे पांढरी नागमोडी फुली.

अष्टपाद: हे आधी सांगायचं ना! सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपी. पाय आठच, दोन-दोन जोडून फुलीवर ठेवते म्हणून चार वाटतात. डोकं खाली करून बसलेली ही मादी. नर अगदी चिमुकला, जाळ्याच्या कडेला शोधा. प्रजाती ओळखायला पाठ आणि पोट, दोन्ही बाजूंचे फोटो टाका.

मॅक्रोवेडा: जाळ्यामागे फूटभर अंतर सोडून काळं कापड टांगा. मोबाइल जाळ्याला समांतर, नाहीतर दोन पाय स्पष्ट आणि बाकीचे धूसर. अगदी जवळ नेलात तर फोकसच होणार नाही. 25-30 सेंमीवरून 2एक्स झूम. कोळ्याशेजारी, तेवढ्याच अंतरावर खराट्याची काडी धरा, स्क्रीनवर काडीवर दाबून फोकस लॉक करा, मग काडी काढा. काळ्या कापडामुळे कोळी पांढराफटक येतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे 1. आणि वारा थांबेपर्यंत थांबा.

सदाशिवपेठी: एवढा खटाटोप कशाला? पाण्याचा फवारा मारा, जाळं झगमगतं.

अष्टपाद: आणि थेंबांच्या वजनाने झोळतं. कोळी जाळं गदागदा हलवतो, नाहीतर धाग्यावरून खाली सटकतो. उन्हाची तिरीप जाळ्याच्या मागून येईल असे उभे राहा, धागे आपोआप चमकतात.

सदाशिवपेठी: दव पडतं तेव्हा कुठे सटकतो?

अष्टपाद: दव बाटलीतून मारत नाहीत.

तात्या: जळमट आणि जाळं वेगळं असतं का?

मॅक्रोवेडा: छताच्या कोपऱ्यातल्या लांबपाय्या कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांवर धूळ बसली की जळमट. ती खुशाल झाडा.

कोथरूडकर: काळं कापड नाही. काळी छत्री चालेल?

मॅक्रोवेडा: चालेल. उघडी, आणि काड्यांची बाजू मागे.

तात्या: रविवारी झाडू किती वाजता?