मदत हवी आहे: क्लोरोफॉर्म ध्रुवीय, सीसीएल फोर (कार्बन टेट्राक्लोराइड) अध्रुवीय. मग जास्त तापमानाला उकळतो तो सीसीएल फोर कसा?

गुहागरची_मावशी

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. होऊन बावीस वर्षं झाली आणि त्यातली वीस बँकेत कॅशच्या खिडकीमागे गेली. तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

भाचा अकरावी सायन्सची परीक्षा देऊन आठ दिवस आमच्याकडे आलाय. परवा अंगणात गोणपाट पसरून फणस फोडायला बसले. विळीला आणि हाताला खोबरेल चोपडलं, तर हा विचारतो, "मावशी, तेलच का? पाणी का नाही लावत?" मी ऐटीत सांगितलं, चिकातला चिकटपणा अध्रुवीय पदार्थांचा, पाणी ध्रुवीय (म्हणजे रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण), तेल अध्रुवीय, आणि सारखं सारख्यात मिसळतं. इतक्या वर्षांनी केमिस्ट्री कामाला आली म्हणून मीच खूश.

तो आत जाऊन क्लासच्या नोट्स घेऊन आला. त्यात चौकट करून लिहिलंय: "ध्रुवीय रेणूंमध्ये परस्पर आकर्षण जास्त, म्हणून त्यांचा उत्कलनबिंदू जास्त." आणि दोन पानं पुढे तक्ता आहे:

क्लोरोफॉर्म: द्विध्रुव आघूर्ण (रेणू किती ध्रुवीय त्याचं माप) १.०४ डेबाय, उत्कलनबिंदू ६१ अंश सेल्सिअस
कार्बन टेट्राक्लोराइड: द्विध्रुव आघूर्ण शून्य, उत्कलनबिंदू ७७ अंश सेल्सिअस

"मग?" म्हणाला. गरा हातात तसाच राहिला माझ्या.

आधी वाटलं छपाईची चूक असेल. माझं कॉलेजचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं, तिथेही हेच आकडे. मग मी ठोकून दिलं की सीसीएल फोरमध्ये कार्बन-क्लोरीनचे चार बंध आहेत, क्लोरोफॉर्ममध्ये तीनच, म्हणून चार तोडायला उष्णता जास्त लागते. त्याने मान डोलावली, पण चेहरा पटल्याचा नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पटलेलं नाही. कुणी नीट समजावेल का? त्याला कळेल असं सांगा, म्हणजे मलाही कळेल.

ब्युरेट

ताई, आधी ती चार बंधांची गोष्ट पोराच्या डोक्यातून काढा, नाहीतर बारावीला जाच होईल. द्रव उकळताना रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत. पाण्याची वाफ झाली तरी ते पाणीच असतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. तुमचंच उदाहरण घ्या. फणस फोडला की गरे एकमेकांपासून सुटे होतात, गरा चिरला जात नाही. उकळणं म्हणजे गरे सुटे करणं. एक रेणू शेजारच्या रेणूला किती धरून बसलाय एवढाच प्रश्न आहे. बाकी संध्याकाळी लिहितो, पेपर तपासतोय.

जाताजाता

मुळात सीसीएल फोर अध्रुवीय कसा? पॉलिंगच्या मापात कार्बनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद) २.५५, क्लोरीनची ३.१६. फरक ०.६१. म्हणजे बंध ध्रुवीय. असे चार बंध म्हणजे रेणू चौपट ध्रुवीय. तक्त्यातच गडबड दिसते.

ब्युरेट

जाताजाता, बंध ध्रुवीय आहेत हे बरोबर. पण बंधांच्या ध्रुवीयतेला दिशा असते, त्यामुळे नुसती बेरीज चालत नाही. रस्सीखेच आठवा. मधल्या कड्याला चार दोर बांधले आणि चार सारख्या ताकदीचे गडी चार कोपऱ्यांकडे ओढायला लागले, तर कडं जागचं हलत नाही. दोर मात्र ताणलेले असतात.

सीसीएल फोरचा रेणू चतुष्फलकी असतो. कॅमेऱ्याच्या तिपाईसारखा: तीन पाय खाली, एक दांडा वर, मध्ये कार्बन. चारही टोकांना क्लोरीन असेल तर तिपाई कुठल्याही तीन पायांवर उभी करा, सारखीच दिसते. ओढायला "वरची बाजू" नावाची चीजच नाही, म्हणून आघूर्ण शून्य. आता वरच्या दांड्याचा क्लोरीन काढून हायड्रोजन लावा, झाला क्लोरोफॉर्म. इलेक्ट्रॉनांचा ओढा तीन पायांकडे, वरचं टोक किंचित धन. म्हणून १.०४. पाण्याचं १.८५ येतं, कारण त्याचा रेणू वाकडा आहे, कोन १०४.५ अंशांचा. सरळ रेषेत असता तर कार्बन डायऑक्साइडसारखा तोही शून्यावर आला असता आणि आपण कुणी हा धागा वाचायला नसतो.

जाताजाता

मान्य. चौपट मागे घेतो.

एचपीएलसी_वाला

मी औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे. ध्रुवीयतेवरच पोट भरतो, म्हणून जरा लांबण लावतो.

मावशी, भाच्याला आधी मिथेन आणि सीसीएल फोर शेजारी ठेवून दाखवा. दोघांचाही आकार चतुष्फलकी, दोघांचंही आघूर्ण शून्य. मिथेन उकळतो उणे १६१ अंशांना, सीसीएल फोर अधिक ७७ ला. फरक २३८ अंशांचा, आणि त्यात ध्रुवीयतेचा वाटा शून्य. म्हणजे रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारं दुसरं काहीतरी आहे, आणि ते चांगलंच दणकट आहे.

ते म्हणजे लंडन बल. नावाचा शहराशी संबंध नाही, फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये त्याचा उलगडा केला. रेणूभोवतीचे इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला जरा जास्त गोळा होतात आणि रेणू तेवढ्यापुरता ध्रुवीय होतो. त्याची झळ शेजारच्याला लागते, त्याचेही इलेक्ट्रॉन सरकतात आणि दोघं एकमेकांना ओढतात. पुढच्या क्षणी चित्र बदलतं, पण ओढ राहते. इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि जितके सैल, तितकी ही ओढ मोठी. मिथेनमध्ये इलेक्ट्रॉन १०, क्लोरोफॉर्ममध्ये ५८, सीसीएल फोरमध्ये ७४. क्लोरीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब असतात, म्हणून बऱ्यापैकी सैल. क्लोरोफॉर्मला कायमच्या ध्रुवीयतेचा थोडा फायदा मिळतो, पण एक क्लोरीन गमावल्याचा तोटा त्याहून मोठा. हिशेबात तो १६ अंशांनी मागे पडतो. आयोडीनचा रेणू तर पूर्ण अध्रुवीय, तरी घरच्या तापमानाला घनरूप असतो.

नोट्समधलं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. साधारण सारख्या आकाराचे रेणू घेतले तर ते लागू पडतं. ही उतरंड बघा, रेणुभार सगळ्यांचा ४१ ते ४६ च्या आत:

प्रोपेन (सिलिंडरच्या गॅसमध्ये ब्युटेनबरोबर असतो तो): आघूर्ण ०.०८, उकळतो उणे ४२ ला
डायमिथाइल ईथर: १.३, उणे २५
ॲसिटाल्डिहाइड: २.७, अधिक २०
ॲसिटोनायट्राइल: ३.९, अधिक ८२

आता ध्रुवीयता काय करते ते दिसतं. यातलं ॲसिटोनायट्राइल आमच्याकडे रोज लिटरच्या हिशेबाने जातं. पदार्थ वेगळे करायच्या मशीनच्या कॉलममध्ये (नळीत) अध्रुवीय अस्तर असतं आणि त्यातून पाणी-ॲसिटोनायट्राइलचं मिश्रण वाहतं. ध्रुवीय पदार्थ अस्तराला भीक न घालता लवकर बाहेर येतात, अध्रुवीय रेंगाळतात. गोळीत काय-काय आहे ते आम्ही या रेंगाळण्यावरून ओळखतो.

गुहागरची_मावशी

बापरे, मिथेनचं उदाहरण एकदम बसलं. भाच्याला वाचून दाखवलं तर त्याने वहीत ती चौकट खोडली नाही, तिच्या कडेला "आकार सारखा असेल तर" असं लिहिलं. पण लगेच नवी हरकत. पुस्तकात इथेनॉलचा रेणुभार ४६, आघूर्ण १.७, उत्कलनबिंदू ७८. तुमच्या उतरंडीत तो ईथर आणि ॲसिटाल्डिहाइडच्या मध्ये कुठेतरी शून्याच्या आसपास यायला हवा ना?

शिवाय मग क्लोरोफॉर्मच्या ध्रुवीयतेचा उपयोग काय झाला, असंही विचारतोय.

ब्युरेट

हुशार आहे हो पोरगा. इथेनॉलला ओ-एच गट आहे, म्हणजे हायड्रोजन बंध. ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत जवळजवळ उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला जाऊन भिडतो. ही पकड साध्या ध्रुवीय ओढीपेक्षा बरीच घट्ट. गंमत म्हणजे डायमिथाइल ईथर आणि इथेनॉल यांचं रेणुसूत्र एकच आहे, अणू तेच आणि तेवढेच. फक्त ईथरमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन नाही. तेवढ्याने १०० अंशांच्या वर फरक पडला.

एचपीएलसी_वाला

क्लोरोफॉर्मच्या ध्रुवीयतेचा उपयोग उकळण्यात दिसला नाही तरी विरघळण्यात दिसतो. एक लिटर पाण्यात क्लोरोफॉर्म साधारण ८ ग्रॅम विरघळतो, सीसीएल फोर ०.८ ग्रॅम. दहापट! पाण्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरलेले असतात. ते सोडून पाहुण्याला जागा द्यायची तर पाहुण्यानेही काहीतरी देऊ करायला हवं. क्लोरोफॉर्म थोडं देतो, सीसीएल फोर काहीच देत नाही.

आणि मावशी, फणसाबद्दल एक भर. ताजा चीक दुधासारखा पांढरा असतो कारण त्यात पाणीही असतं आणि न विरघळणाऱ्या पदार्थांचे बारीक थेंब त्यात तरंगत असतात. पाणी वाळलं की उरतो तो राळेसारखा चिकटा, त्याला पाणी काही करू शकत नाही. त्यामुळे तेल आधी लावायची तुमची पद्धत बरोबर. नंतर लावलं तरी निघतो, पण चोळत बसावं लागतं.

गुहागरची_मावशी

आज प्रयोग केला. काचेच्या बरणीत अर्धं पाणी घेतलं, चमचाभर हळद घालून हलवली. गढूळ पिवळं झालं आणि हळूहळू साका तळाशी बसला. वरून शेंगदाण्याचं तेल ओतलं, झाकण लावून दोघांनी आळीपाळीने हलवलं आणि तासभर तशीच ठेवली. तेलाचा थर झेंडूसारखा पिवळाधमक, खालचं पाणी फिकट, तळाशी साका. फोडणीत हळद घातली की रंग का खुलतो ते त्याला एका नजरेत कळलं. (बरणी बहिणीची आहे आणि तिचं रबर आता कायमचं पिवळं झालंय. तो वेगळा धागा होईल.)

त्याने निष्कर्ष काढला: "अध्रुवीय द्रव पाण्यावर तरंगतात." मला हे खटकतंय, पण नेमकं का ते सांगता येईना.

ब्युरेट

खटकलं ते बरोबर खटकलं. न मिसळणं ही ध्रुवीयतेची बाब, वर की खाली ही घनतेची. कॉलेजात तुम्ही लेअर टेस्ट केलीच असेल. आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन वॉटर आणि सीसीएल फोर घालून परीक्षानळी हलवली की सुरेख जांभळा थर कुठे दिसायचा?

गुहागरची_मावशी

तळाशी! आठवलं. आणि ब्रोमाइड असेल तर तो थर नारिंगी-तपकिरी व्हायचा. सीसीएल फोर पाण्यापेक्षा जड, म्हणून खाली. इतकी वर्षं डोक्यात पडून होतं.

एचपीएलसी_वाला

हो, घनता १.५९. पण ती टेस्ट घरी करायच्या फंदात पडू नका. एके काळी सीसीएल फोर कपडे धुवायला आणि आग विझवायलाही वापरायचे. तो यकृताला घातक आहे, आणि ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये त्याच्यावर बंधनं आली. हळद-तेलाने काम भागतंय.

आणखी एक, तुमच्या हळदीतला कुर्क्युमिन पूर्ण अध्रुवीय नाही, त्याच्या रेणूत ओ-एच गट आहेत. तरी मोठा भाग कार्बनचा असल्याने पाण्याला तो नको असतो. ध्रुवीय आणि अध्रुवीय असे दोन डबे डोक्यात ठेवण्यापेक्षा पट्टी ठेवा, हा जरा इकडे, तो जरा तिकडे.

गुहागरची_मावशी

शेवटचा प्रश्न, तो उद्या सकाळच्या एसटीने निघतोय. म्हणतो, "मोठा रेणू म्हणजे जास्त उत्कलनबिंदू, हे तरी पक्कं ना?" आणि स्वतःच तक्त्यात शोधून काढलं: अमोनियाचा रेणुभार १७, उकळतो उणे ३३ ला. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा ७१, तो उकळतो उणे १२९ ला. आघूर्णही अमोनियाचं १.४७ आणि त्याचं ०.२३. फ्लोरीन तर सगळ्यात ओढाळ, मग आघूर्ण इतकं कमी कसं?

ब्युरेट

दोन वेगळे प्रश्न आहेत.

आघूर्ण: नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. अमोनियात बंधांची ओढ नायट्रोजनकडे, म्हणजे जोडीच्याच दिशेला. दोन्ही एकत्र येतात. ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरीन उलट्या दिशेला ओढतात, म्हणून जोडी आणि बंध एकमेकांना जवळपास खोडतात. पुन्हा रस्सीखेच.

उत्कलनबिंदू: अमोनियाकडे हायड्रोजन बंध आहेत, ट्रायफ्लोराइडकडे नाहीत. उरलं लंडन बल, आणि तिथे फ्लोरीन कंजूष. तो आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून बसतो की ते हलायलाच तयार नसतात. वजन असून उपयोग काय? त्याला म्हणावं, आपल्या सीसीएल फोरमधले चारही क्लोरीन काढून फ्लोरीन लाव. रेणुभार ८८, प्रोपेनच्या दुप्पट. उकळतो कितीला, ते एसटीत बसून आधी अंदाजाने लिही, मग तक्ता बघ.

गुहागरची_मावशी

त्याने उणे २० लिहिलं होतं. चिपळूणहून फोन आला: "मावशी, उणे १२८!"