सिनेमांची नोंद ठेवल्यामुळे गप्पा मरतात का?

शेवटचीरांग:
आमच्या ग्रुपमध्ये हल्ली सिनेमावर बोलणंच होत नाही. श्रेयनामावली संपायच्या आत तिघांनी लेटरबॉक्स्डवर, म्हणजे पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायच्या ॲपवर, साडेतीन तारे टाकलेले असतात. "कसा वाटला?" विचारलं की उत्तर तयार, "टाकलंय ना, वाच." याच मंडळींची पूर्वी शेवट पटला की नाही यावर तासभर हमरीतुमरी चालायची. माझं मत विचाराल तर, नोंद ठेवायला लागला की माणूस सिनेमा बघत नाही, हजेरी लावतो. डिसेंबर आला की वर्षाचा आकडा फुगवायला दीड तासाच्या आतले सिनेमे हुडकणारा एक मित्र आहे माझा. आता बोला.

अनुस्वार:
साफ असहमत. दुखणं ताऱ्यांचं आणि खापर नोंदवहीवर? सिनेमांची माहिती देणारं आयएमडीबी हे संकेतस्थळ कशातून उभं राहिलं बघा. कॉल नीडम हा इंग्रज गृहस्थ पोरवयापासून पाहिलेल्या सिनेमांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचा. पुढे यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर सिनेमावर वाद घालणाऱ्यांच्या याद्या त्यात मिसळल्या आणि १९९० मध्ये ते सगळं लोकांसाठी खुलं झालं. नोंदी आणि गप्पा एकाच कट्ट्यावर वाढल्यात.

माझ्या वहीत चारच रकाने: तारीख, नाव, कोणाबरोबर, आणि एक ओळ. तारे नाहीत. ओळही मत म्हणून लिहीत नाही, अडलेलं लिहिते. मागे एकदा लिहिलं होतं, "बाप घरात येतो त्या प्रत्येक वेळी पंख्याचा आवाज बंद. मुद्दाम?" मैत्रिणीला दाखवलं, तर ती ठाम, असं काही नाहीच. मग दोघींनी ते प्रसंग पुन्हा लावले. दोनदा बंद होता, तिसऱ्यांदा चालू. त्या तिसऱ्या वेळेवरून आमचं अजून मिटलेलं नाही!

शेवटचीरांग:
तुमची वही तुमच्या कपाटात असते हो. ॲपवरचं सगळे बघतात. गाजलेल्या जुन्या सिनेमाला दोन तारे द्यायला हात धजत नाही, आणि खरंच आवडलेल्या टुकार सिनेमाला पाच द्यायलाही नाही. चारचौघांसाठी लिहिलेल्याला नोंद कशाला म्हणायचं?

चष्मेबहाद्दर:
अमेरिकन दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग वर्षभरात काय पाहिलं, काय वाचलं याची यादी दरवर्षी जाहीर करतो. तारखा आणि नावं, बस्स. चांगलं-वाईट एक शब्द नाही. चारचौघांसमोर ठेवूनही दिखावा नाही, असं जमतं की.

आणि नोंद नसेल तर आपलं मत बदललं हे कळणार कसं? 'ला दोल्चे व्हिता' या इटालियन सिनेमाबद्दल अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलंय: तरुणपणी नायकाचं जगणं हवंहवंसं वाटलं, १९८० मध्ये तोच चाकोरीत अडकलेला वाटला, १९९१ मध्ये त्याची कीव आली आणि माया वाटली. सिनेमा तोच, माणूस बदलला. आपल्यासारख्यांना "तेव्हा काय वाटलं होतं" विचारा, आजचंच मत मागच्या तारखेने सांगतो आपण.

शेवटचीरांग:
ईबर्ट समीक्षक, लिहिणं हा त्याचा धंदा. पण मुद्दा मान्य. वहीशी माझं भांडण नाही मग, घाईशी आहे. तारे आधी पडले की माणूस त्या ताऱ्यांची वकिली करत बसतो, समोरच्याचं कानावर घेत नाही. द्यायचेच तर बोलून झाल्यावर द्या.

अनुस्वार:
आणि बोलण्यात तुम्ही पटाईत असलात तर माझ्या अडीचचे चार होणार. मग ती नोंद माझी की तुमची?