राणीच्या बागेतली जुनी झाडं : सोलापूरहून एका दिवसाचा बेत कसा आखावा?

सातरस्ता : डिसेंबरअखेरीस, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी, आई-बाबांना (दोघं सत्तरीपुढचे) भायखळ्याची राणीची बाग दाखवायची आहे. पेंग्विनसाठी नाही, 1862 साली उघडलेल्या मूळ बागेतल्या झाडांसाठी. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाऊन त्याच रात्री परत. दादरला उतरावं का सीएसएमटीला? आत काय चुकवू नये?

कंबरतलाव : आधी वार बघा. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात, आणि नाताळच्या आठवड्यात हाच घोळ होऊ शकतो. रविवारी गर्दी, वर लोकलचा मेगाब्लॉक. मंगळवार किंवा शुक्रवार धरा.
आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर मिळतो. तुमचं नाव त्यात घातलं की तो कोटा लागत नाही.

शेंगाचटणी : दादरलाच उतरा, भायखळा तिथून चौथं स्टेशन.

कंबरतलाव : म्हाताऱ्या माणसांना दादर नको. सकाळी सगळी गर्दी सीएसएमटीकडेच चाललेली असते, दादरहून त्याच लोंढ्यात चढावं लागेल. सीएसएमटी शेवटचं स्टेशन, उतरायची घाई नाही. तिथं आवरून, सामान क्लोकरूममध्ये टाकून (बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत) उलट दिशेची धीमी लोकल धरा. भायखळा तिसरं, पूर्वेला बाहेर पडा. बाग साडेनऊला उघडते, आधी जाऊन फाटकावर ताटकळू नका.

वडपिंपळ : आता झाडांचं. आत शिरल्यावर सगळे पेंग्विनच्या रांगेकडे वळतात, तुम्ही वळू नका. त्या रांगेतच पाय दुखून येतात आणि झाडं राहून जातात.
पहिला मान उर्वशीचा. मूळची म्यानमारची, आपल्याकडे फार क्वचित दिसते. तुम्ही जाताय तो तिच्या फुलांचा हंगाम. लालभडक फुलांचे हातभर लांब घोस खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. जवळ जाऊन कोवळी पालवी बघा: तांबूस, मलूल, ओल्या रुमालासारखी लटकलेली. झाड वाळतंय असं वाटतं, पण तिची पालवी अशीच येते. काही दिवसांत पानं हिरवी होऊन ताठ होतात. बी फारसं धरत नाही, म्हणून रोप सहज मिळत नाही.
कैलासपतीची फुलं फांदीच्या शेंड्याला शोधू नका, ती थेट खोडावर येतात. फळं तोफगोळ्याएवढी आणि जड, खाली बसायला जागा दिसली तरी बसू नका. गोरखचिंच हिवाळ्यात पानं झडली तरी फुगीर बुंध्यावरून ओळखू येते. तिची फुलं मात्र पावसाळ्यात, तीही संध्याकाळनंतर उमलतात. ती आत्ता मिळायची नाहीत. कृष्णवडाचं पान हातात घेऊन बघा, देठाशी द्रोण झालेला असतो. पडलेलंच उचला, तोडू नका.

सातरस्ता : संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती आहे म्हणतात?

वडपिंपळ : हो, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ म्हणतात तो हाच. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. सांधे निरखून बघा. काळा घोडाही (राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा) 1965 पासून बागेतच आहे. संग्रहालयालाही बुधवारचीच सुट्टी.

शेंगाचटणी : झाडं दोन तासांत होतात, पण सत्तरीच्या माणसांना तीन धरा. प्लास्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेऊ नका, स्टीलची बाटली न्या. आणि जेवण बाहेर पडल्यावरच.

सातरस्ता : शुक्रवारचं बघतो. दोन तिकिटं वेगळी काढतो.