कुशीवर वळताना येणारी चक्कर

तुम्ही लिहिलंय की आईंना कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते आणि मणक्याचा त्रास समजून दोन महिने चक्कर थांबवायच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं, म्हणून कळकळीने लिहितेय.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून कानातल्याच तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोकं हलताच मेंदूला चुकीचा संदेश जातो. चक्कर बहुधा मिनिटभरात थांबते, पण माणूस पार घाबरून जातो. याला बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच अचानक येणारी चक्कर, म्हणतात. गोळ्यांनी ते कण जागेवर जात नाहीत! उलट त्या फार दिवस घेतल्या तर शरीराला तोल सावरायला वेळ लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना डिक्स-हॉलपाइक चाचणीबद्दल विचारा; त्यात डोकं एका बाजूला वळवून पटकन आडवं झोपवतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात. निदान पक्कं झालं की एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत पाठवतात. सासूबाईंना दोन वेळात आराम पडला. वर्षाने पुन्हा झालं, पुन्हा तेच केलं.

चक्कर येताना बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.