सगळेच सीमेपलीकडे नव्हते
कोरियन युद्धात ताटातूट झालेली माणसं उत्तर-दक्षिण कोरियातली सीमा उघडली असती तर केव्हाच भेटली असती, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. कितीतरी कुटुंबं दक्षिण कोरियातच एकमेकांना हरवून बसली होती. पळापळीत पोरांचे हात सुटले, काही अनाथाश्रमात वाढली, काहींना स्वतःचं खरं नावही धड आठवेना. ३० जून १९८३ रोजी केबीएस वाहिनीने अशांसाठी ९५ मिनिटांचा थेट कार्यक्रम ठेवला. तो चालला १३८ दिवस! सोलमधल्या त्यांच्या इमारतीच्या भिंती लोकांनी हाताने लिहिलेल्या कागदांनी भरून टाकल्या. दहा हजारांवर कुटुंबं जुळली. तीस वर्षं एकाच देशात राहून पत्ता नाही, मला तर हेच जास्त टोचतं.

उत्तर कोरियातल्या नातलगांच्या बाबतीत मात्र अडचण सीमेचीच. त्यांना कोण भेटणार यासाठी दक्षिणेत संगणकावर सोडत निघायची, आणि शेवटची भेट झाली ऑगस्ट २०१८मध्ये, उत्तर कोरियातल्या कुमगांग पर्वताजवळ.