वाद्यवृंदाच्या जुन्या कॅसेटवरील सूर चढलेला का वाटतो?

प्रश्न: 1991च्या गणेशोत्सवात आम्ही पाच मित्रांनी सादर केलेल्या वाद्यवृंदाची 90 मिनिटांची कॅसेट नुकतीच सापडली. ऐकताना डोळे भरून आले, कारण तीत ढोलकी वाजवणारा आमचा मित्र आता हयात नाही. मात्र काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गायलेली गाणी पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येतात. मूळ सूर कसा मिळवावा?

प्रतिसाद: कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगाने धावणे अपेक्षित असते. हा वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. ध्वनिमुद्रणात विजेची घरघर उतरली असेल, तर तिची कंपनसंख्या आपल्या वीजपुरवठ्याइतकी, म्हणजे 50 हर्ट्झवर येईल इतका वेग संगणकावर कमी करावा.

दुसरा प्रतिसाद: 90 मिनिटांची फीत 60 मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, म्हणून ती वारंवार मागेपुढे करू नये. खरखर काढण्याचा मोहही आवरावा, कारण तिच्याबरोबर ढोलकीच्या थापेची धारही जाते, आणि आपल्याला तीच तर जपायची आहे.

प्रश्नकर्ता: घरघर 53 हर्ट्झवर सापडली. वेग उतरवल्यावर पेटी काळी एकला लागली आणि मित्राची लय जशी आठवत होती तशीच ऐकू आली. आपले मनःपूर्वक आभार.