मदत हवी आहे: वडिलांना थायमोमा, हाड कापून ऑपरेशन की दुर्बिणीतून?

नमस्कार. आम्ही तासगावचे. अण्णा ५४ वर्षांचे, सगळी हयात द्राक्षबागेत गेली.

गेल्या हंगामात विरळणी करताना त्यांना एकाच्या जागी दोन घड दिसायला लागले. सकाळी ठीक, दुपारनंतर डावी पापणी खाली यायची. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मग भाकरी चावताना जबडा थकायला लागला. चार घास झाले की हनुवटीला हात लावून बसायचे. आई म्हणायची, दाढ दुखत असेल.

शेवटी मिरजेला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फक्त छताकडे बघत राहायला सांगितलं आणि मिनिटभरात पापणी मिटत आली. रक्ततपासणीत मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला, म्हणजे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही आणि स्नायू लवकर थकतात. या आजाराच्या साधारण दहातल्या एकाला छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ, म्हणजे थायमोमा, असते, म्हणून लगेच छातीचा सीटी केला. छातीच्या मधल्या हाडामागे ६ सेंमीची गाठ आहे. सुईने तुकडा घेतला नाही. गाठ अख्खी निघेल असं दिसत असताना टोचून आवरण फोडायचं नाही, असं सांगितलं. ते पटलं.

स्नायूंची ताकद तात्पुरती वाढवणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पापणी वर येते, चार तासांनी पुन्हा खाली.

अडलंय ते पुढे. एक सर्जन म्हणतात, गाठ मोठी आहे, हाड कापूनच काढू. पुण्याचे दुसरे म्हणतात, बरगड्यांमधून रोबोटने होईल, चार दिवसांत घरी. टाके किती पडतील याची मला फिकीर नाही, गाठ आवरणासकट पूर्ण निघायला हवी. शिवाय श्वासाच्या पडद्याची नस गाठीला लागून आहे, असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. तिला धक्का लागला तर आधीच अशक्त असलेल्या माणसाचा श्वास कसा चालणार, याचीच धास्ती आहे.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालंय का? एवढ्या मोठ्या गाठीला कोणती पद्धत वापरली? आधी आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं झालं का? व्हेंटिलेटर किती दिवस लागला? महात्मा फुले योजनेत बसलं का? अण्णा रोज विचारतात, ऑक्टोबर छाटणीला बागेत उभं राहता येईल का. ऑपरेशननंतर ताकद परत यायला तुमच्याकडे किती महिने लागले, तेही सांगा.

पुढच्या बुधवारी परळच्या टाटात दाखवायचंय, मंगळवारी रात्री महालक्ष्मीने निघतोय. त्याआधी कळलं तर फार बरं होईल. सीटीचा रिपोर्ट बघायचा असेल तर नाव झाकून इथे टाकते.